एका दोरावर

फांदी कापून झाली होती, दोराला लोंबत होती, आणि नेमक्या त्याच वेळेला मामांच्या पायजम्यात मुंग्या शिरल्या.

लाल मुंग्या. गुलमोहराच्या बुंध्याशी त्यांचं घर होतं आणि मामा बरोब्बर त्याच्यावर पाय रोवून उभे होते. तिथे उभे राहू नका म्हणून सकाळीच सांगितलं होतं, पण मामांना कुणी काही सांगितलेलं सोसत नसे. वर झाडावर करवत घेऊन खारुताई, खाली दोर धरून मामा, आणि दोघांच्या मधे दोन माणसांच्या वजनाची फांदी. फांदीच्या खाली बेकरीचं काचेचं छप्पर. मामांनी एक हात पायजम्याकडे नेला. मग दुसराही नेला. दोराला काय, तो सुटायची वाटच बघत असतो.

"मामा! दोर!" खारुताई किंचाळली.

मामा नाचत होते.

गल्लीतून एक माणूस डोक्यावर लाकडी खुर्ची घेऊन चालला होता. रस्ता बंद केल्याची पट्टी त्याने कधी ओलांडली ते त्यालाही कळलं नव्हतं. डोक्यावर खुर्ची असली की माणसाला स्वतःच्या पायांपुढचं फारसं दिसत नाही. किंचाळी ऐकून त्याने मान फिरवली, जमिनीवरून सळसळत पळणारा दोर पाहिला, आणि खुर्ची टाकून दिली. दोर दोन्ही हातांनी धरून तो बुंध्याभोवती एक फेरी पळाला. दोर झाडाला आवळला. वर फांदी एकदा घुसळली... आणि थांबली. तिची पानं काचेला घासत होती.

बेकरीवाला आतून वर बघत होता. त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज काही येत नव्हता.

"वरच्या बाई, पकडलाय! आता काय करू?"

"सोडा!"

"आत्ता तर पकडला!"

"अहो, हळूहळू सोडा! आणि रस्त्याच्या बाजूला ओढत सोडा... काच फुटली तर तो आम्हाला भट्टीत घालेल!"

"तुम्ही ओरडू नका, मग जमेल."

"मी ओरडत नाहीये! मी उंचावर आहे!"

पण त्याने फांदी उतरवली मात्र अशी, की झोपलेलं मूल खांद्यावरून अंथरुणावर ठेवावं. खारुताई सरसर खाली आली. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ते आई रागावली तरच घरात ऐकू यायचं. झाडाची साल न दुखवता चढायची, म्हणून सगळ्यांची ती खारुताई. तिने आधी त्याचे हात पाहिले. दोराने तळवे सोलवटून निघाले होते.

"दोर धरायला कुठे शिकलात?"

"कपाटं."

"काय?"

"कपाटं चढवतो मी. जिन्यातून न जाणारी, खिडकीतून चढवायची. एकदा पियानोसुद्धा चढवलाय."

"मग? तो ओरडला नाही?"

"नाही. म्हणून तर अजून आठवतो."

खारुताईला हसू आलं आणि आलेलं हसू तिने गिळलं. कारण खुर्चीचा एक पाय मोडून गटारात पडला होता, आणि तो माणूस आता त्या पायाकडे बघत होता. ज्याची खुर्ची, तो मालक त्याला दुपारच्या आत हाकलणार हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात काकी आल्या. काकी म्हणजे मुकादम. शहरातली झाडं सांभाळायचं काम त्यांच्या गाड्यांकडे होतं. कुठली छाटायची, कुठली बांधून घ्यायची, कुठे नवी लावायची, सगळं त्यांच्या शब्दावर. नवऱ्याने धंदा सुरू केला आणि काकींनी तो चालवला, असं लोक म्हणायचे. नवरासुद्धा तसंच म्हणायचा, घरी बसून करवतींना धार लावता लावता. काकी बोलायला लागल्या की मशीनची करवत बंद करायची गरज नसे. ती ऐकूच येत नसे.

"हात दाखव," काकी म्हणाल्या. त्याने दाखवले. "हातमोजे न घालता दोर धरलास?"

"हातमोजे शोधायला गेलो असतो तर बेकरी..."

"उलट बोलतोस. बरं आहे, मुका माणूस खाली उभा राहून उपयोगाचा नाही. उद्या सकाळी आमची गाडी चौकात येते. हातमोजे आमचे, तोंड तुझं. मामा, पुरे झाला नाच!"

अशा रीतीने कपाटवाला झाडाच्या कामाला लागला. मामांनी गुडघ्याचं निमित्त काढून पाला गोळा करायचं काम घेतलं. मुंग्यांचं नाव पुन्हा काढायचं नाही असं ठरलं, आणि ते रोज निघायला लागलं.

या कामात दोर दोन असतात. एक वर चढणाऱ्याच्या कमरेचा, तो ज्याचा त्याने बांधायचा. दुसरा फांदीचा, वरच्या बेचक्यातून खाली येतो आणि खालच्या माणसाच्या हातात असतो. लोकांना वाटतं, खालच्याने काय, घट्ट धरून राहायचं. छे! फांदी सुटली की ती आधी थोडी जाऊ द्यायची असते. मग हळूच आवळायची, आणि मग थांबवायची. एकदम धरली की झाडाला हिसका बसतो, आणि झाडाला बसलेला हिसका झाडावरच्या माणसाला हाडापर्यंत पोचतो. म्हणून वरच्याने ओरडायचं, "जाऊ दे!" आणि खालच्याने सोडता सोडता सांगायचं, "गेली!" एवढे दोन शब्द. पण ते वेळेवर आले नाहीत तर माणूस जायचा.

पहिल्या दिवशी खारुताई ओरडली, "जाऊ द्या हो!"

"तुमचं द्या-हो संपेपर्यंत फांदीचं सरपण होईल!" काकी खालून कडाडल्या. "जाऊ दे म्हण!"

म्हणून मग झाडावर असताना 'तू' आणि खाली आलं की 'तुम्ही'. बाकीच्या जोड्यांना 'तू'पर्यंत यायला किती बागा फिराव्या लागतात, किती वेळा चपलेचं टोक मातीत घासावं लागतं! ह्यांचं एका फांदीत उरकलं, आणि तेही मुकादमाच्या हुकुमाने.

"खाली आल्यावर पुन्हा तुम्ही का?" एकदा त्याने विचारलं. ती पट्टा सोडत होती.

"खाली फांदी नसते."

"मग एखादी बरोबर घेऊन हिंडू का?"

"कपाट घेऊन हिंडायची सवय आहेच तुम्हाला."

हे असं. दिवसभर तो खालून चहा पाठवायचा, झाकणाच्या बरणीत, त्याच दोराला बांधून. बरणी वर जायची आणि रिकामी खाली यायची नाही. कधी तिच्यात पाखराचं पीस असायचं, कधी वाळलेली शेंग, कधी सालीचा तुकडा, ज्याचा आकार माशासारखा. तो ते सगळं शर्टाच्या खिशात ठेवायचा. खिसा फुगायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "कचरा आहे, टाकायचाय." टाकायचा मात्र नाही.

खारुताईने याआधी पुष्कळांच्या दोराखाली काम केलं होतं. एक होता तो मोबाइलवर बोलत दोर सोडायचा. एक होता तो तिला वरचेवर सूचना द्यायचा, जसं काही झाडावर तोच चढला आहे. रोज संध्याकाळी तिचे खांदे लाकडासारखे व्हायचे. आता होत नव्हते. फांदीवर उभं राहून ती "जाऊ दे" म्हणायची आणि तिच्या श्वासाबरोबर खालून "गेली" यायचं. इतकं बरोबर, की कुठला शब्द कुणाचा ते झाडालाही सांगता आलं नसतं.

पण काकींना दोन डोळे होते, आणि त्या दोन्ही डोळ्यांना ती चहाची बरणी दिसली.

त्यांनी खारुताईला गाडीत बोलावून घेतलं आणि दार ओढून घेतलं.

"खरं सांग. तुमचं काही आहे का?"

"कुणाचं?"

"माझं आणि मामांचं! कुणाचं म्हणून विचारते." काकींनी तिच्याकडे असं पाहिलं, जशा त्या पोकळ बुंध्याकडे पाहत. "आमच्या धंद्यातला नियम तुला पाठ आहे. नात्यातली माणसं एका दोरावर नाहीत. नवरा-बायको नाहीत, भावंडं नाहीत, बाप-लेक नाहीत. जीव लावलेला माणूस धरून ठेवतो. आणि इथे वेळेवर सोडावं लागतं. काही असेल तर आज सांग, त्याला उद्यापासून दुसऱ्या गाडीवर पाठवते. राग नाही, काही नाही."

दुसरी गाडी म्हणजे शहराचं दुसरं टोक. म्हणजे त्याचा आवाज नाही, बरणी नाही, आणि खाली पुन्हा कुणीतरी मोबाइलवाला.

"नाही हो काकी. काहीतरीच तुमचं."

काकींनी मग त्याला बोलावलं. गाडीची खिडकी उघडी होती आणि खारुताई बाहेर पट्ट्याची कडी पुसत बसली होती. कडी आधीच लखलखीत होती.

"काही नाही काकी," त्याचा आवाज आला. शांत. "कामापुरतं."

कामापुरतं!

आपण खोटं बोललो तर ते नाइलाजाने. समोरचा तेवढंच खोटं बोलला, आणि तेही इतक्या गार आवाजात, की मग मात्र माणसाचा जीव जळतो. तो बाहेर येऊन दोर गुंडाळायला लागला. ती पलीकडे उभी राहिली.

"कामापुरतं म्हणे."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी... मी पण तेच."

"मग झालं तर."

"झालं."

दोराची वेटोळी एकावर एक पडत गेली. मग तो मान वर न करता म्हणाला, "आणि खरं सांगितलं असतं तर?"

"तर तू दुसऱ्या गाडीवर."

जमिनीवर उभी राहून ती 'तू' म्हणाली. त्याचे हात थांबले.

"आणि तुझा दोर?"

"धरला असता कुणीतरी."

"कुणीतरी," तो म्हणाला. तोंडात खडा आल्यासारखा. आणि पुन्हा दोर गुंडाळायला लागला. "नको. गप्पच राहू."

मग ते गप्प राहिले. बरणी बंद झाली. पीस नाही, शेंग नाही, मस्करी नाही. गाडीतही ती पुढे बसायची आणि तो मागे, करवतींच्या पेट्यांपाशी. वरून बघणाऱ्याला वाटलं असतं, यांचं भांडण झालंय. पण तो आता दोराची गाठ पुन्हा पुन्हा तपासायला लागला होता. आधी तपासायचा, मग सोडून पुन्हा बांधायचा, मग पुन्हा ओढून बघायचा. आणि त्याचं "गेली" उशिरा येऊ लागलं होतं. फार नाही, अर्ध्या श्वासाने. खाली कुणाला कळण्यासारखं नव्हतं. वर मात्र दर वेळी खोड थरथरायचं आणि तिच्या तळपायांना ते कळायचं.

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कारणही सांगावं लागलं असतं.

बाळंतिणींच्या दवाखान्यापाशी एक जुना शिरीष होता. एवढा पसरलेला की त्याच्या सावलीत दवाखान्याचं अर्धं अंगण मावायचं. नव्या बाळाला पहिल्यांदा बाहेर आणायचं ते याच झाडाखाली. आठवड्याभराच्या पावसाने त्याच्या एका मोठ्या फांदीला बेचक्यात चीर पडली, आणि ती फांदी होती नेमकी खोल्यांच्या छपरावर. शहराचा साहेब येऊन म्हणाला, झाडच मुळापासून काढा, कटकट नको. काकी म्हणाल्या, फांदी काढली की झाड राहतं, कुणाचा हात मोडला तर त्याला पुरत नाहीत. साहेबाने एका दिवसाची मुदत दिली. आणि त्या दिवशी दुपारनंतर वादळी वारा येणार असं सकाळपासून रेडिओवर सांगत होते.

त्या बाजूच्या खोल्या जमतील तेवढ्या रिकाम्या केल्या होत्या. काही बायकांना हलवण्यासारखं नव्हतं. त्या खिडकीतून बघत होत्या. एकीच्या कुशीतलं मूल इतकं लहान होतं की त्याला अजून डोळे उघडायचा कंटाळा.

खारुताई फांदीचे तुकडे टोकाकडून कापत आत येत होती. "जाऊ दे!" ... "गेली!" तुकडा अंगणात. पुन्हा बांध, पुन्हा काप. आभाळ शिशासारखं झालं होतं. वारा सुटला तो थेट नाही, चोरासारखा, एका बाजूने येऊन पानांना चाचपून जायचा. आता उरलेले तुकडे जाड होते. तिने दोर आवळला, करवत लावली. भुसा वाऱ्याबरोबर तिच्याच तोंडावर येत होता. लाकूड कडकडलं.

"जाऊ दे!"

खालून काहीच आलं नाही.

तुकडा सुटला, खाली गेला, आणि भिंतीवर आपटावा तसा हवेतच थांबला. दोर ताठ झाला. आख्खं खोड कण्हलं आणि धनुष्यासारखं मागे गेलं. खारुताईचे पाय सुटले. पट्ट्याने तिला कमरेत आवळलं, ती गोल फिरली आणि खांद्याने खोडावर आदळली. करवत दोरीला लटकत तिच्या गुडघ्यापाशी घुमत होती.

खिडकीतल्या बाईने मूल छातीशी दाबून धरलं.

"खारुताई!" तो त्याचा आवाज होता. "खारुताई!"

"आधी फांदी सोड!" तिने दात आवळून सांगितलं. "आणि मग ओरड!"

त्याने फांदी उतरवली. तिने पाय रोवले, करवत बंद केली, आणि एका हाताने स्वतःच्या दोरावरून खाली आली. खांदा पेटला होता. त्याच्यापेक्षा जास्त डोकं पेटलं होतं. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"जाऊ दे म्हटलं होतं मी."

"ऐकलं."

"मग?"

त्याचा रंग उडाला होता. दोर अजून त्याच्या मुठीत होता, नको तितका घट्ट. "वाऱ्याने फांदी वळली... तुझ्याकडे जातेय असं वाटलं... मी फांदीकडे बघायचं सोडून तुझ्याकडे बघितलं, आणि—"

"आणि?"

"हात आखडला."

काकी तिथेच होत्या. त्यांनी आधी तिचा खांदा दाबून पाहिला, हात वर करायला लावला, मागे फिरवायला लावला. "हाड शाबूत आहे. खांदा निळा पडेल." मग वर पाहिलं. चिरलेला शेवटचा खुंट अजून छपरावरच होता, सगळ्यात जड तुकडा, आणि वारा आता चोरून येत नव्हता. "तो तसा ठेवला तर रात्रीतून पडेल. आणि उद्या साहेब यायचाच मुळापासून कापायला. तुला चढवत असेल तर चढ. नसेल तर मी साहेबाला फोन करते, उरलेल्या बायकांनाही कसं तरी हलवू, झाड गेलं तर जाऊ दे."

"चढते," खारुताई म्हणाली. "पण काकी... दोरावर दुसरा माणूस द्या."

त्याने झटक्याने मान वर केली. "मला काढतेस?"

"हो."

"आत्ता? एवढ्या वाऱ्यात? आणि कुणाच्या भरवशावर?"

"थांब तू," काकी त्याला म्हणाल्या आणि खारुताईकडे वळल्या. "आणि तू ऐक. एक हिसका सगळ्यांच्या हातून बसतो, माझ्याही हातून बसलेत. तेवढ्यावरून मी चांगला माणूस काढत नाही. कारण सांग."

पट्टीपलीकडे माणसं जमली होती. दवाखान्याच्या नर्सा, रिक्षावाले, कुणाचे कोण कोण नातेवाईक. मामा पाल्याच्या ढिगाशेजारी झाडू धरून उभे होते. खारुताईने एवढ्या उंचीवरून खाली पाहिलं होतं, पण ती कधी घाबरली नव्हती. आता सपाट जमिनीवर उभं राहून घाबरली.

"तुम्ही मला गाडीत विचारलंत ना... त्या दिवशी—"

"विचारलं होतं."

"मी खोटं बोलले."

वाऱ्याने पाला उडाला. मामांनी तो गोळा केला नाही.

"आणि हा?" काकींनी हनुवटीने त्याच्याकडे दाखवलं.

"त्याचं त्याला विचारा. मला ठाऊक नाही." आणि मग तिला राहवलं नाही. ती त्याच्याकडे वळली. आवाज खाली आला होता. "पुन्हा वर गेले आणि पुन्हा वारा आला, तर तू काय करशील? खरं सांग. धरशील की सोडशील?"

हातमोज्यातल्या स्वतःच्या मुठींकडे त्याने पाहिलं. 'सोडीन' म्हटलं असतं तर दोर त्याच्याकडेच राहिला असता. रोजचा तिचा आवाज त्याच्याकडे राहिला असता. शब्द अगदी सोपा होता.

"धरीन," तो म्हणाला. "कितीही शिकवलं तरी... धरीनच."

याच्यापुढे कुणी कुणाला आणखी काय सांगायचं असतं!

"हे तर त्या मुंग्यांनासुद्धा माहीत होतं," मामा पुटपुटले.

"मामा, झाडू चालू द्या!" काकींनी त्याच्या हातातून दोर काढून घेतला. सहज नाही निघाला. एकेक बोट उलगडावं लागलं. मग त्यांनी बाह्या सरसावल्या, बुंध्याला वेढे घातले आणि टाच जमिनीत रुतवली. "जा. पट्टीपलीकडे उभा राहा. दोरावर नसलेल्या माणसाचं आत काम नाही."

तो गेला. पट्टीखालून वाकून पलीकडे गेला आणि माणसांत मिसळला, एका नर्सच्या आणि एका रिक्षावाल्याच्या मधे. खारुताईने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर चढली नसती.

वर खांदा दुखत होता. खोड हलत होतं. तिने दोर शेवटच्या खुंटाला दोन जागी बांधला, चीर जिथे संपत होती त्याच्या आत करवत लावली, आणि कापण्याआधी एकदा खाली पाहिलं, कुणी खाली नाही ना ते बघायला. तेवढ्यासाठीच. आणि तिला त्याचा चेहरा दिसला.

इतके महिने वरून तिला त्याच्या हेल्मेटचा पिवळा गोल तेवढा दिसायचा. दोरावरच्या माणसाने फांदी बघायची, दोर बघायचा. वरच्याकडे बघायला त्याला सवड नसते, मुभाही नसते. आता त्याने हेल्मेट काढलं होतं. मान पूर्ण मागे टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून, तो तिच्याकडे बघत होता. सगळा चेहरा वर. भीतीने पांढरा. पण हात... हात दोन्ही बाजूंना मोकळे लोंबत होते.

तिच्या खांद्यातला ताठा उतरला. वारा एकदा जोरात येऊन गेला. तिने तो जाऊ दिला. पुढचा झोत यायच्या आत करवत पूर्ण दाबली.

"जाऊ दे!"

"गेली!" काकींचा आवाज करवतीच्याही वर चढून आला.

आणि ती गेली. आधी भरभर, मग मंद, मग मंदाहून मंद. छपराला न शिवता, खिडकीवरून खाली, अंगणात. शिरीषाचं उरलेलं खोड हळूच वर आलं, ओझं उतरवून कंबर सरळ करावी तसं. खिडकीतली बाई कुणाला तरी आत ओरडून सांगत होती. वाऱ्यात काय ते ऐकू आलं नाही.

खारुताई खाली उतरली तेव्हा पावसाचे थेंब पडायला लागले होते. काकी दोर सोडवत होत्या. दंडाला हिसका बसला होता, पण कबूल करणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

"उद्यापासून तो रोपांच्या गाडीवर," काकी म्हणाल्या. "खड्डे खण, आळी कर, पाणी घाल. रोपांना कितीही घट्ट धरलं तरी चालतं. त्याला जाऊन सांग. मी सांगितलं तर रडेल."

"दुसऱ्या टोकाला?"

"रोपं सगळ्या शहरात लावायची असतात. आमची गाडी जिथे असते तिथेही." आणि काकी वळल्या. "मामा! त्या दोघांकडे बघत उभे राहाल तर पाला आज घरी न्यावा लागेल!"

खारुताई पट्टीपाशी गेली. तो पलीकडे तसाच उभा होता. रिक्षावाले पांगले होते, नर्सा आत पळाल्या होत्या. पावसाने त्याचे केस कपाळाला चिकटले होते.

"दोर गेला तुझा," ती म्हणाली.

"हो."

"रोपांच्या गाडीवर जायचंय. खड्डे खणायचे."

"ऐकलं. काकींचं कुणाला ऐकू येत नाही?"

"आणि राग?"

"होता. तू वर जाईपर्यंत होता." त्याने मान हलवली. मग तो थांबला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, आधी ओठांच्या एका कडेला, मग सगळीकडे. "तू कापताना जीभ बाहेर काढतेस."

"काय?"

"जीभ. एवढंसं टोक, डाव्या बाजूने. करवत चालू झाली की बाहेर, फांदी सुटली की आत. इतके दिवस तुझ्या खाली उभा आहे मी, आणि मला हे कुणी सांगितलंच नाही."

"मी नाही काढत!"

"काढतेस. सगळ्या गर्दीने बघितलं."

तिने कानापर्यंत लाल होऊन पट्टी वर उचलली आणि खालून वाकली. खांदा कळवळला. त्याचा हात पुढे आला आणि तिने तो धरला, पट्टीच्या अलीकडे अर्धी, पलीकडे अर्धी.

"मग आता बघायचं नाही," ती म्हणाली.

"आता माझं दुसरं काम काय आहे?" तो म्हणाला.